उसाचा प्रोग्राम आणि प्रोसेसरचा भाव

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे ना’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मी चितेगावहून बोलतोय. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे गावात कुणाच्याही घरी लॅपटॉप घ्यायचा झाला की फोन मला येतो. गेल्या काही महिन्यांत या फोनमध्ये दोनच प्रश्न असतात. पहिला: “दादा, आत्ता घेऊ का थांबू? भाव वाढलेत म्हणतात.” आणि दुसरा: “आता आपल्याकडेच चिपचे कारखाने येतायत ना, मग स्वस्त होईल की सगळं?”

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे कारखान्याची क्षमता. चिपचा भाव दुकानात ठरत नाही, आणि बऱ्याच वेळा ती चिप डिझाइन करणाऱ्या कंपनीतही पूर्ण ठरत नाही. जगात त्या प्रकारच्या चिप बनवणारे कारखाने किती, त्यांची महिन्याची क्षमता किती, आणि रांगेत पुढे कोण उभं आहे, यावर तो ठरतो. आजचा भाग यावरच.

क्षमता मोजतात कशात?

चिप ज्या चकतीवर बनते तिला वेफर म्हणतात. बटाट्याचं नाही, सिलिकॉनचं. आजच्या मोठ्या कारखान्यांत ही चकती ३०० मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे आपल्या घरातल्या मोठ्या ताटाएवढी. कारखान्याला फॅब म्हणतात, आणि फॅबची क्षमता महिन्याला किती वेफर निघतात यात मोजतात. चिपच्या नगांत मोजत नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत इथेच आहे.

त्या ताटाचं क्षेत्रफळ साधारण ७०,००० चौरस मिलिमीटर. त्यावर १०० चौरस मिलिमीटरची छोटी चिप छापली तर कडेचे तुकडे वगळून साधारण ६४० बसतात. ६०० चौरस मिलिमीटरची मोठी चिप छापली, तर ९० च्या आसपास.

आता समजा, एका वेफरवर इकडेतिकडे मिळून ६० बारीक दोष राहिले. धुळीचा कण म्हणा, रेघ नीट न उमटणं म्हणा. हे आकडे मी फक्त हिशेबासाठी धरतोय. छोट्या ६४० मधल्या पन्नास-पंचावन्न बाद होतील, ५८० च्या वर हाती लागतील. पण मोठ्या चिपमध्ये तेवढेच दोष ९० पैकी पस्तीसेक चिप खाऊन टाकतील, हाती ५४-५५ राहतील. वेफरचा खर्च १० लाख रुपये धरला, तर छोटी चिप साधारण १,७०० रुपयांना पडली आणि मोठी १८,५०० रुपयांना. आकार सहापट, खर्च जवळपास अकरापट.

चांगल्या निघालेल्या चिपच्या या प्रमाणाला यील्ड म्हणतात. आपल्या भागात हे समजावायला मला वेगळा शब्द शोधावा लागत नाही. हा उतारा आहे. टनामागे साखर किती निघाली, तसं वेफरमागे चांगली चिप किती निघाली. नवीन तंत्रज्ञानाचा उतारा सुरुवातीला कमी असतो, महिन्यामहिन्याने सुधारतो. त्यामुळे कुठलीही नवी चिप सुरुवातीला महाग आणि दुर्मीळ असते, ती फक्त कंपनीच्या हावेपोटी नाही.

गाळप क्षमता

उसाचंच उदाहरण पुढे नेतो. २०२१-२२ चा हंगाम आठवा. मराठवाड्यात पाणी चांगलं होतं, ऊस उदंड झाला. महाराष्ट्रात त्या वर्षी १,३०० लाख टनांच्या वर गाळप झालं, विक्रम झाला. तरीसुद्धा मे महिना उलटला, जून लागला, आणि मराठवाड्यात ऊस फडातच उभा. कारखाने बंद नव्हते, रात्रंदिवस चालू होते. पण कारखान्याची दिवसाची गाळप क्षमता ठरलेली असते. ऊस दुप्पट झाला म्हणून गव्हाण दुप्पट होत नाही. मग तोडीचा प्रोग्राम लागतो. कुणाचा ऊस आधी तुटणार, कुणाचा मागे राहणार. प्रोग्राममध्ये वर नाव कुणाचं लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नेमका त्याच वर्षी जगात चिपचा तुटवडा होता, आणि नेमकं हेच घडत होतं. कारखाने पूर्ण क्षमतेने चालू होते. वाढली होती ती मागणी. आणि प्रोग्राम लागला होता.

फरक एवढाच की आपल्याकडे एका कारखान्याने ऊस नेला नाही तर माणूस दुसऱ्याकडे धाव घेतो, लांबचा असला तरी. चिपमध्ये तेही जमत नाही. एखादी चिप तैवानच्या टीएसएमसीच्या एका विशिष्ट प्रक्रियेसाठी डिझाइन केली, तर ती उचलून सॅमसंगच्या फॅबमध्ये नेता येत नाही. डिझाइनचा मोठा भाग पुन्हा करावा लागतो, नवे साचे लागतात, चाचण्या लागतात. त्यात वर्ष सहज जातं.

मग क्षमता वाढवत का नाहीत?

हा साधा प्रश्न, आणि तो विचारलाच पाहिजे.

एक, वेळ. नवी फॅब उभी राहायला तीन-चार वर्षं लागतात. टीएसएमसीने अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला फॅब टाकायची घोषणा मे २०२० मध्ये केली. तिथून मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं २०२४ च्या अखेरीस. आणि चालू फॅबमध्येसुद्धा आज वेफर आत टाकली तर ती तीन महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा बाहेर येते. शेकडो टप्पे असतात, प्रगत चिपला हजाराच्या वर. लावलेला आडसाली ऊस मधेच ओरडून लवकर येत नाही, तसं.

दोन, यंत्रं. सर्वांत बारीक रेषा छापायला जे ईयूव्ही यंत्र लागतं, ते जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. तुमच्याकडे पैसा आहे म्हणून यंत्र उद्या मिळत नाही. तिथेही रांग आहे.

तीन, घसारा. फॅबचा बहुतेक खर्च इमारतीचा आणि यंत्रांचा, तो आधीच झालेला असतो. यंत्र चाललं काय नि थांबलं काय, घसारा चालूच. म्हणून मालकाला फॅब नेहमी भरलेली हवी असते. दिवाळी असो की चिनी नववर्ष, ती थांबत नाही. रिकामी क्षमता बाळगणं म्हणजे रोज नुकसान. याचा परिणाम असा की जगात राखीव क्षमता जवळजवळ नसतेच. मागणी थोडी वाढली तरी टंचाई, थोडी घसरली तरी भाव कोसळतात. मधली उशीच नाही.

चार, पाणी. हे आपल्याला जवळचं आहे. चिप धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं, आणि भरपूर लागतं. २०२१ च्या वसंतात तैवानमध्ये पन्नासहून जास्त वर्षांतला सर्वांत वाईट दुष्काळ पडला. टीएसएमसीने टँकर लावले. हो, टँकर! सरकारने हजारो हेक्टर शेतीचं सिंचन थांबवलं, भातशेतकऱ्यांना भरपाई दिली आणि पाणी उद्योगांसाठी राखलं. जायकवाडीच्या कडेला राहणाऱ्या माणसाला यातलं काही परकं वाटणार नाही. २०१६ च्या दुष्काळात आपल्या खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. तिथे शेताचं पाणी कापलं, इथे कारखान्याचं. कुणाचं आधी कापायचं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

पहिली गोष्ट: इंटेल, २०१८

आता प्रोसेसरवर येऊ. २०१८ च्या मध्यापासून बाजारात इंटेलचे स्वस्त प्रोसेसर मिळेनासे झाले. सेलेरॉन, पेंटियम, आय-थ्रीचे काही प्रकार. कारण काय, तर इंटेलची १० नॅनोमीटरची नवी प्रक्रिया वर्षानुवर्षं लांबली. जी उत्पादनं तिकडे जायची होती, ती सगळी जुन्या १४ नॅनोमीटरच्या फॅबमध्येच राहिली. त्यातच क्लाउड कंपन्यांकडून सर्व्हरच्या चिपची मागणी वाढली.

सप्टेंबर २०१८ मध्ये इंटेलचे त्या वेळचे हंगामी प्रमुख बॉब स्वान यांनी जाहीर पत्र लिहिलं. पुरवठा तंग आहे, विशेषतः पीसीच्या खालच्या गटात, असं मान्य केलं. आणि कंपनी झिऑन आणि कोअर या वरच्या मालाला प्राधान्य देईल, हेही सांगितलं. म्हणजे बघा, वेफर तेवढीच, फॅब तीच. त्या वेफरवर सर्व्हरची महागडी चिप छापायची की वीस-पंचवीस हजारांच्या लॅपटॉपची? धंदा करणारा कुणीही पहिलाच पर्याय घेईल.

पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटेलने ग्राहक कंपन्यांना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. त्याच पत्रात सांगितलं की वर्षभरात १४ नॅनोमीटरची क्षमता वाढवलीय. क्षमता वाढवूनही पुरलं नाही!

यातून मी एक नियम धरून चाललोय: टंचाई आली की महाग माल महाग होतो, पण स्वस्त माल गायब होतो. ‘भाव वाढला’ हे आपल्याला दिसतं. ‘स्वस्त मॉडेल दुकानात आलंच नाही’ हे दिसत नाही, पण खिशाला चाट तीच.

दुसरी गोष्ट: एएमडी, २०२०

इंटेल अडकली तेव्हा फायदा एएमडीचा झाला. एएमडीने स्वतःच्या फॅब २००९ मध्येच वेगळ्या केल्या होत्या, त्याच पुढे ग्लोबलफाउंड्रीज झाल्या. २०१९ पासून एएमडीचे रायझन प्रोसेसर टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनायला लागले. त्यांनी हुशारी केली ती अशी, की एक मोठी चिप न छापता छोटे तुकडे छापले, साधारण ८० चौरस मिलिमीटरच्या आतबाहेरचे, आणि ते जोडले. मघाचा उताऱ्याचा हिशेब आठवा. छोटा तुकडा म्हणजे चांगला उतारा.

पण नोव्हेंबर २०२० मध्ये काय झालं? त्याच ७ नॅनोमीटरच्या रांगेत एएमडीचे नवे रायझन, ग्राफिक्स चिप, सोनीच्या प्लेस्टेशन ५ ची चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या नव्या एक्सबॉक्सची चिप, सगळं एकदम आलं. एक्सबॉक्सची मोठी चिप ३६० चौरस मिलिमीटर, म्हणजे एका चिपच्या जागेत रायझनचे चार तुकडे. आणि गेमिंगच्या कंपन्यांशी करार झालेले, तो माल द्यायलाच हवा.

परिणाम किमतीत दिसतो. रायझन ५ ३६०० ची २०१९ मधली जाहीर किंमत १९९ डॉलर. पुढच्या पिढीत सहा कोअरचा सर्वांत स्वस्त पर्याय आला तो ५६००एक्स, किंमत २९९ डॉलर. साधा ५६०० आला तो थेट एप्रिल २०२२ मध्ये, पुन्हा १९९ डॉलरला. दीड वर्ष तो पर्यायच नव्हता.

आणखी एक बारकावा. सहा कोअरचे प्रोसेसर पुष्कळदा आठ कोअरच्या तुकड्यातूनच निघतात. ज्यात एखाद-दोन कोअर सदोष निघाले, ते बंद करून सहा कोअर म्हणून विकायचे. पण उतारा फार चांगला असला तर सदोष तुकडे निघणार कमी! मग कंपनीने चांगला आठ कोअरचा तुकडा मुद्दाम कमी करून स्वस्तात का विकावा, तेही माल कमी पडत असताना? म्हणजे चांगल्या उताऱ्यामुळेसुद्धा स्वस्त माल आटू शकतो.

तिसरी गोष्ट: वाळूजची

लॅपटॉप उशिरा मिळाला तर चालतं. पण २०२१ मध्ये आपल्या भागात पोटावर आलं, ते गाड्यांमुळे.

एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये मारुतीने देशात एकही गाडी विकली नाही, शून्य. जगभरच्या गाडी कंपन्यांनी घाबरून चिपच्या ऑर्डर कमी केल्या. ती मोकळी झालेली क्षमता लॅपटॉप, फोन, राउटरवाल्यांनी घेतली, कारण सगळं जग घरी बसून कामाला लागलं होतं. चार-सहा महिन्यांनी गाड्यांची मागणी परत आली, तेव्हा गाडीवाले रांगेच्या शेवटी. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने हरियाणा आणि गुजरातमधलं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल असं जाहीर केलं. महिंद्राने त्याच महिन्यात सातेक दिवस उत्पादन बंद राहील आणि २० ते २५ टक्के घट येईल, असं सांगितलं.

नाशिक-चाकणला लाइन थांबली की वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला सुटे भाग बनवणाऱ्याची लाइन थांबते. ज्याचा चिपशी काही संबंध नाही, जो फक्त पत्र्याचा कंस दाबतो किंवा रबराची नळी बनवतो, त्याचाही माल पडून राहतो. कंत्राटी मुलांना आठवड्यातून तीनच दिवस बोलावणं येतं. चिप दिसायला नखाएवढी, पण खाडा पडतो तो आपल्या पोराला.

यात गमतीची गोष्ट अशी की अडलेल्या बहुतेक चिप प्रगत नव्हत्याच. ४० नॅनोमीटर, ९० नॅनोमीटर, अशा जुन्या प्रक्रियांच्या. ब्रेकचं नियंत्रण, खिडकीची मोटर, वीजपुरवठा सांभाळणारी चिप. अशा जुन्या प्रक्रियेत नफा कमी, म्हणून नवी फॅब टाकायला कुणी तयार नव्हतं. आणि जुनी फॅब भरलेली. शंभर रुपयांच्या चिपपायी दहा लाखांची गाडी उभी.

माझ्या ओळखीतले एक काका आहेत, वाळूजला छोटं युनिट, शेतीपंपाचे कंट्रोलर बनवतात. त्यांच्या बोर्डावर एक साधा मायक्रोकंट्रोलर. वितरकाने सांगितलं, ५२ आठवडे थांबा. बाहेर दलालाकडे मिळत होता, पण कित्येक पट भावात, आणि खरा की घासून नवं नाव छापलेला, याची खात्री नाही. त्यांनी विचारलं, दुसरा बसवला तर तुझं ते कोड चालेल का?

तसं ते चालत नाही. वेगळ्या कंपनीचा कंट्रोलर म्हणजे पिना वेगळ्या, टायमर वेगळे, रजिस्टरं वेगळी. आम्ही दोघांनी सहा-सात रविवार घातले. बोर्ड असा नव्याने आखला की त्यावर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कंट्रोलर बसतील, आणि कोडमध्ये हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढला, म्हणजे चिप बदलली तरी फक्त तेवढाच थर बदलायचा. काकांचं युनिट चालू राहिलं. पण शेजारच्या दोन गाळ्यांची शटरं तेव्हा खाली आली ती आली. मोठी कंपनी चिपवाल्याशी थेट बोलू शकते, वर्षाचा करार करू शकते, आगाऊ पैसे भरू शकते. छोट्याचा नंबर प्रोग्राममध्ये शेवटचा, आणि बिनसाखळीचा.

आणि आत्ता: मेमरी

आता पहिल्या प्रश्नावर. सध्या लॅपटॉपचे भाव चढण्यामागे मोठं कारण प्रोसेसरपेक्षा मेमरी, म्हणजे रॅम आहे. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरला एचबीएम नावाची वेगळी, थरावर थर रचलेली मेमरी लागते. मायक्रॉननेच सांगितलेलं प्रमाण असं, की तेवढ्याच क्षमतेच्या एचबीएमला साध्या डीडीआर-५ च्या साधारण तिप्पट वेफर लागतात. म्हणजे एआयसाठी एक किलो साखर काढायची तर आपल्या वाट्याची तीन किलो जाते.

एचबीएममध्ये नफा जास्त, म्हणून वेफर तिकडे वळल्या. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशिअल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. २०१८ ला इंटेलने जे केलं तेच. क्षमता कमी, तर खालचा माल आधी सोडायचा.

मग घेऊ का थांबू? कामासाठी किंवा कॉलेजसाठी हवाच असेल तर थांबू नका. नवी क्षमता यायला वर्षं लागतात, हे आपण पाहिलं. दोन महिन्यांत स्वस्त होईल ही आशा ठेवू नका. फक्त घेताना बघा की रॅम पुढे वाढवता येते का, की बोर्डावरच पक्की जोडलेली आहे. आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवून वर्ष-दोन वर्षं निघत असतील, तर तो सर्वांत शहाणा पर्याय.

आपल्याकडे फॅब आली तर?

आता दुसरा प्रश्न. टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून गुजरातेत धोलेऱ्याला फॅब उभी करतायत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. गुंतवणूक ९१,००० कोटी, क्षमता महिन्याला ५०,००० वेफर. वर्षाचे ६ लाख. आकडा मोठा आहे. पण एकट्या टीएसएमसीची वर्षाची क्षमता दीड कोटी वेफरच्या वर आहे. आणि धोलेऱ्याची सुरुवात २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या प्रक्रियांपासून आहे. त्यात तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर बनणार नाही. साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प आणि आसाममधला टाटांचा प्रकल्प हे जुळणी, पॅकेजिंग आणि चाचणीचे. तिथे वेफर बाहेरून येणार.

म्हणजे लॅपटॉप स्वस्त होईल का? नाही. पण वाळूजची लाइन थांबली ती कुठल्या चिपमुळे? २८ आणि त्याहून जुन्याच. शेंद्र्याला गाड्या बनतात, बिडकीनच्या ऑरिकमध्ये एथरचा इलेक्ट्रिक स्कूटरचा मोठा कारखाना होऊ घातलाय. इलेक्ट्रिक वाहन म्हणजे चाकावरचं इलेक्ट्रॉनिक्सच. या सगळ्यांना पुढच्या टंचाईत थोडा आधार मिळू शकतो. धोलेऱ्याकडे मी तरी याच नजरेने बघतो.

महाराष्ट्राचं म्हणाल, तर वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला, केवढा गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये तळोजासाठी टॉवर-अदानी प्रकल्पाला राज्याने हिरवा कंदील दाखवला, ८३,९४७ कोटींचा. २०२५ मध्ये त्यांच्या चर्चा थांबल्याच्या बातम्या आल्या. घोषणा आणि वेफर यांत हे अंतर असतं. म्हणून आकडा ऐकला की मी तीन प्रश्न विचारतो: तंत्रज्ञान कुणाचं, कुठल्या नॅनोमीटरचं, आणि माल विकत घ्यायला गिऱ्हाईक ठरलंय का?

तिसरा प्रश्न चितेगावच्या माणसाने तर विचारलाच पाहिजे. व्हिडिओकॉनच्या पत्त्यातच ‘१४ किलोमीटर स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव’ असं असायचं. देशभरच्या दिवाणखान्यांत जाणारे टीव्ही या रस्त्यावरून जायचे. २००५ मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन इथले कारखाने आले. क्षमतेच्या बाबतीत जगातल्या मोठ्यांत गणना झाली. आणि पुढच्या तीन-चार वर्षांतच जग सपाट एलसीडी पडद्याकडे गेलं. कंपनी बुडण्याला टेलिकॉम, कर्ज अशी कारणं बरीच होती. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. पण पिक्चर ट्यूबचा धडा वेगळा आहे. क्षमता उभारणं म्हणजे पाच-दहा वर्षांनी जगाला काय लागेल यावर लावलेला पैसा. अंदाज बरोबर निघाला तर गाव उभं राहतं, चुकला तर गेटसमोरची चहाची टपरीसुद्धा उठते.

म्हणून फॅब नको असं मी म्हणत नाही. हवीच. पण ती एकच गोष्ट नको. बारावीच्या मुलांचे पालक विचारतात, आता चिपचाच कोर्स करावा का? मी सांगतो, इलेक्ट्रॉनिक्स आवडत असेल तर जरूर. आपल्या विद्यापीठाच्या परिसरात नाइलिटचं केंद्र आहे, इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन तिथे शिकवतात, पुण्याला जायचीही गरज नाही. पण एका फॅबच्या भरवशावर शिकू नका. डिझाइन, चाचणी, एम्बेडेड कोड, बोर्डाची आखणी, ही कामं फॅब तैवानला असो की धोलेऱ्याला, इथे बसून होतात.

आणि वाळूज, चिकलठाण्याच्या छोट्या उद्योजकांना एवढंच: टंचाई नसताना तयारी करा. बोर्डावर पर्यायी चिपची जागा ठेवा. अडणाऱ्या मालाचा दोन-तीन महिन्यांचा साठा ठेवा. दहा-पंधरा जण मिळून एकत्र ऑर्डर टाका, वितरकाकडे एकट्याला कुणी विचारत नाही, पंधरा जणांच्या मागणीला विचारतात. सहकाराने साखर कारखाने काढणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड नसावं.

पुढच्या भागात यूपीआयचा सर्व्हर डाउन होतो म्हणजे नक्की काय होतं, ते बघू. कुणाच्या युनिटला २०२१-२२ मध्ये चिपची अडचण आली असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, काय तोडगा काढला तेही सांगा. त्यावर वेगळा भाग करता येईल. चला, भेटू.